दुनळी, वारा आणि वुडपिजन: इंग्लंडच्या शेतात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

देवगडकडच्या आमच्या वाडीत काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एक बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर परत यायची. मधल्या काळात रानडुकरांची चंगळ. त्या बंदुकीला मी कधी हात लावला नाही, कारण लावू दिला नाही. मी पहिली बंदूक धरली ती एक्केचाळिसाव्या वर्षी, लिंकनशरमधल्या एका शेताच्या कडेला, आणि तीही डुकरांसाठी नव्हे, कबुतरांसाठी. गेल्या काही वर्षांत इथल्या चारपाच मराठी मित्रांनी "आम्हालाही यायचंय, काय काय लागतं?" असं विचारलं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

एक आधीच सांगतो. हे सगळं इंग्लंडबद्दल आहे. स्कॉटलंड आणि वेल्सचे पाखरं मारण्याचे परवाने वेगळे आहेत. आणि भारतात तर हा विषयच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथली शिकार बंद केली, आणि ते बरंच झालं. सुट्टीवर गावी गेल्यावर इथला उत्साह इथंच ठेवून जायचा.

कुठलं कबूतर?

इथं मारतात ते वुडपिजन. दादरच्या कबुतरखान्यातल्या पारव्यापेक्षा बरंच मोठं, भरलेलं, साधारण अर्धा किलोचं पाखरू. मानेच्या दोन्ही बाजूंना पांढरा डाग, आणि उडताना पंखांवर ठळक पांढरा पट्टा. ब्रिटनमध्ये याच्या सुमारे ५० लाख जोड्या आहेत. थंडीत दुसरं काही हिरवं नसतं तेव्हा हजारहजारांचे थवे रेपच्या शेतावर उतरतात. रेप म्हणजे आपल्या मोहरीची चुलत बहीण. कोवळी पानं ओरबाडून शिरा तेवढ्या ठेवतात. लांबून शेताचा तेवढा तुकडा जाळल्यासारखा दिसतो.

आता न मारायची पाखरं. स्टॉक डव्ह दिसायला जवळपास तसंच, पण लहान, आणि अंगावर पांढरं काही नाही. ते संरक्षित आहे. कॉलर्ड डव्ह म्हणजे आपल्या होल्याच्या घरातलं, तेही नाही. शर्यतीची कबुतरं सरळ रेषेत, वेगानं, काही काम असल्यासारखी जातात. त्यांच्यामागे कुणाची तरी वर्षांची मेहनत असते. घोटाळा होतो तो वुडपिजनच्या पिल्लांमुळे, कारण त्यांच्या मानेवर अजून पांढरं आलेलं नसतं. तेव्हा मान नको, पंख बघा. पंखावर पांढरा पट्टा दिसला नाही तर बंदूक खाली. पहिले दोनतीन रविवार नुसती दुर्बीण घेऊन जा, हे मी सगळ्यांना सांगतो आणि कुणीच ऐकत नाही.

कायद्याचं काय

यात दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि नवखा माणूस त्यांची सरमिसळ करतो. एक बंदुकीची, दुसरी पाखराची.

बंदुकीसाठी शॉटगन सर्टिफिकेट लागतं. ते १९६८ च्या फायरआर्म्स कायद्याखाली तुमच्या भागातले पोलीस देतात, पाच वर्षांसाठी. २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या अर्जाची फी साडेएकोणऐंशी पौंडांवरून एकदम १९४ पौंडांवर गेली. ब्रिटिश नागरिकत्व लागत नाही. तुमच्या डॉक्टरांकडून प्रकृतीची माहिती मागवली जाते, नैराश्यासाठी कधी औषधं घेतली असतील तर तेही सांगावं लागतं. लपवू नका. औषध घेतलं म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही, पण लपवलं तर अडचणीत याल. मग एक अधिकारी घरी येतो, चहा घेतो किंवा घेत नाही, बंदूक कुठं ठेवणार ते पाहतो, आणि बोलता बोलता तुम्हाला जोखतो. बंदुकीचं कपाट लोखंडी, भिंतीत बोल्टनं घट्ट बसवलेलं हवं. त्याचा ब्रिटिश मानक क्रमांक ७५५८ आहे, तो बघून घ्या. किल्ली फक्त सर्टिफिकेट असलेल्या माणसाकडे. बायकोलासुद्धा जागा सांगायची नाही. आमच्या सतरा वर्षांच्या संसारात माझ्याकडे एवढंच एक गुपित आहे.

पाखराची परवानगी गमतीची आहे. वुडपिजनला बंद हंगाम नाही, पण म्हणून ते कुणीही कधीही मारावं असं नाही. १९८१ च्या कायद्यानं सगळीच रानपाखरं संरक्षित आहेत. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी म्हणून सरकार एक सर्वसाधारण परवाना जाहीर करतं, इंग्लंडात त्याला जीएल ४२ म्हणतात. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पैसेही नाहीत. मात्र त्याच्या अटी वाचाव्या लागतात, आणि दरवर्षी पुन्हा वाचाव्या लागतात, कारण त्या बदलतात. त्यातली मुख्य अट अशी की आधी इतर उपाय करून बघितलेले असावेत. बुजगावणं, गॅसची तोफ, पतंग, जे काही असेल ते. मजा म्हणून मारणं हे कारण त्या कागदात नाही. म्हणजे तुम्ही तिथं बसता ते शेतकऱ्याच्या रेपसाठी. मजा येते ती वरकड. मला हे पटतं. आमच्या काकांच्या परवान्यावरही शेतीसंरक्षण असंच लिहिलेलं होतं, आणि मचाणावर रात्र काढताना ते खूश दिसायचे.

सर्टिफिकेट यायच्या आधी

अर्ज केल्यावर काही महिने जातात. ते फुकट घालवू नका. इथं क्ले पिजनची, म्हणजे हवेत फेकलेल्या बशीवर नेम धरायची मैदानं ठिकठिकाणी आहेत, आणि पोलिसांची मंजुरी असलेल्या मैदानावर सर्टिफिकेट नसतानाही त्यांच्या बंदुकीनं, त्यांच्या देखरेखीखाली बार काढता येतो. क्ले म्हणतात पण त्यात माती नसते. चुना आणि डांबराची ११० मिलिमीटरची बशी असते ती. एके काळी तिच्या जागी जिवंत कबुतरं पेटीतून सोडत. लंडनच्या हर्लिंगम क्लबात हा मोठ्या लोकांचा खेळ होता, १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्येही झाला. इंग्लंडात १९२१ च्या कायद्यानं पिंजऱ्यातली पाखरं सोडून मारणं बंद झालं. बशी फुटते तेव्हा कुणाचं काही जात नाही, म्हणून शिकायचं ते तिच्यावरच.

पाचसहा धडे शिकवणाऱ्याकडून घ्या. मित्राकडून नको. मित्र चुका शिकवतो आणि वर पैसेही घेत नाही, त्यामुळे बोलता येत नाही.

दुनळी निवडताना

आता माझ्या आवडीचा भाग. मैदानावर बहुतेकांकडे एकावर एक नळी असलेल्या नव्या बंदुका दिसतील. जड, भरवशाच्या, लागणाऱ्या. तुम्हाला पाखरंच मोजायची असतील तर तसलीच घ्या. पण शेजारी शेजारी नळ्यांची जुनी बारा बोरची दुनळी हातात घेऊन बघा. सव्वातीन किलोच्या आत, कधी तीन किलोलाच, अक्रोडाचा दस्ता कुणाच्या तरी गालाला घासून गुळगुळीत झालेला, आणि बंद करताना येणारा तो 'टक'. आपल्या जुन्या वाड्यांच्या दाराची कडी लागते तसा. माझी १९३० च्या दशकात बर्मिंगहॅमला बनलेली साधी बॉक्सलॉक आहे, म्हणजे चापाची यंत्रणा नळ्यांमागच्या पेटीत बसवलेली. या बॉक्सलॉकची रचना १८७५ साली बर्मिंगहॅमच्याच वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात अ‍ॅन्सन आणि डीली या दोघांनी केली. पुढं जगभरच्या बंदूकवाल्यांनी ती उचलली. आज जुन्या दुनळ्यांना गिऱ्हाईक कमी, त्यामुळे ज्या हातकामाला पूर्वी महिनोन् महिने लागत ते काहीशे पौंडात मिळतं. नावाजलेल्या घराण्यांच्या मागे लागू नका. वेब्ली अँड स्कॉट, बीएसए, किंवा स्पेनच्या आयबार गावची आया, या बापड्या बंदुका शेतात रखडायलाच केलेल्या आहेत.

जुनी म्हणजे बिनपरवान्याची, असा एक गैरसमज आपल्या लोकांत आहे. भिंतीवर टांगायच्या पुराणवस्तूंना सवलत आहे, पण जिच्यातून बार काढायचा ती सर्टिफिकेटवर हवीच.

घेताना बघायचं ते असं. नळ्या सुट्या करून उलट्या करा. खालच्या सपाट भागावर बारीक शिक्के दिसतील. इथं प्रत्येक नळी सरकारमान्य प्रूफ हाऊसमध्ये जास्तीच्या दारूनं उडवून तपासतात; बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ पासूनचं, लंडनचं त्याहून जुनं. 'नायट्रो प्रूफ' हे शब्द शोधा. ते नसतील आणि नळी फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली असेल, तर आजचं साधं काडतूस तिच्यात घालायचं नाही. वेलबुट्टीसारखी नक्षी दिसणाऱ्या दमास्कस नळ्या बघून जीव खुळावतो, पण तिथं जास्तच जपून. मग चेंबरची, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेची लांबी: अडीच इंच की पावणेतीन? १९५४ नंतर तपासलेल्या अडीच इंचीवर अनेकदा शेजारी '३ टन' असंही कोरलेलं असतं, तो दाबाचा आकडा.

ही लांबी इतकी महत्त्वाची का, ते नीट समजून घ्या. पावणेतीन इंची, म्हणजे ७० मिलिमीटरचं काडतूस अडीच इंची चेंबरमध्ये बिनतक्रार बसतं. बंदूक बंद होते. सगळं ठीक वाटतं. कारण ७० हा आकडा काडतुसाचं तोंड उघडल्यानंतरचा आहे, आधीचा नाही. बार होताना ते तोंड उलगडतं, पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब भलताच वाढतो. म्हणून बसतंय ना, मग चालतंय, हा हिशेब इथं चालत नाही. पाकिटावर अडीच इंची चेंबरसाठी असं छापलेलंच घ्या; ती बहुधा ६५ किंवा ६७ मिलिमीटरची असतात. माझं नेहमीचं काडतूस २८ ग्रॅमचं, सहा नंबर छऱ्यांचं. एका औंसात सहा नंबरचे सुमारे २७० छरे बसतात, आणि कबुतराला तेवढे पुरतात.

दुसरा धोका पिवळ्या काडतुसाचा. वीस बोर बारापेक्षा बारीक असतं, आकडा मोठा असला तरी, आणि त्याचं काडतूस पिवळं करतात ते उगाच नाही. चुकून बारा बोरमध्ये गेलं तर ते घसरत नळीत अडकतं, चेंबर रिकामा दिसतो, माणूस वर बारा बोरचं घालतो आणि नळी हातात फुटते. घरात दोन्ही बोर असतील तर पिशव्या वेगळ्या, खिसे वेगळे.

शिशाचंही बघून ठेवा. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे इंग्लंडात १९९९ पासूनच बंद आहेत, आणि २०२५ मध्ये सरकारनं बाकीच्या शिकारीसाठीही तीन वर्षांची मुदत देऊन बंदी जाहीर केली. पोलादी छरे कडक असतात, जुन्या पातळ आणि पुढं आवळलेल्या नळ्यांना ते मानवत नाहीत. जुन्या दुनळीसाठी बिस्मथ हा मऊ धातू आहे, पण तो महाग. माझ्या मते यातून एक चांगलं निघेल: लोक कमी बार काढतील आणि जास्त बघतील.

आता माझी फजिती. पहिली दुनळी मी एका लिलावात घेतली. शिक्के सगळे होते, प्रूफमध्ये होती, नळ्या आरशासारख्या. घरी आणून बंदूकवाल्याला दाखवली. त्यानं लांब दांड्याचा मापक घातला, नळीवरून फिरवला आणि नुसता माझ्याकडे बघत राहिला. एका जागी भिंत इंचाच्या हजारातले सोळा भाग उरली होती. वीसच्या खाली कुणी जाणता माणूस घेत नाही. प्रूफचा शिक्का आतल्या व्यासाबद्दल बोलतो, भिंतीच्या जाडीबद्दल नाही. कुणीतरी गंज काढण्यासाठी आतून घासली होती, बाहेरून पोचे काढून पुन्हा घासली होती. ती आज आमच्या दिवाणखान्यात तरी असावी म्हटलं, तर कपाटातून काढून भिंतीवर लावायचीही सोय नाही. तेव्हा मापक लावल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि एक घरगुती चाचणी: नळ्या बोटाच्या आकड्यावर टांगून नखानं वाजवा. घंटेसारखा नाद आला तर दोन नळ्यांमधल्या पट्ट्यांचा जोड शाबूत. बद्द आवाज आला तर कुठंतरी सुटलाय.

जुन्या दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या. उजवी नळी मोकळी, जवळच्या पाखराला. डावी आवळलेली, लांबच्याला. बोट आपोआप योग्य चापावर जायला एक हंगाम लागतो. शिवाय अशा बंदुकीचा पुढचा लाकडी भाग चिमूटभर असतो, त्यामुळे डावा हात नळ्यांवरच येतो. दहाबारा बार झाले की चटका बसतो. चामड्याची एक पन्हाळी मिळते ती चढवा, किंवा हातमोजा. माझी इजेक्टरवाली नाही, म्हणजे रिकामी काडतुसं बोटांनी ओढून काढावी लागतात. तेवढ्यात थव्यातली उरलेली पाखरं निघून जातात. जाऊ देत.

शेत मिळवणं

हे सगळ्यात अवघड आहे, आणि इथं आपला संकोच आड येतो. पब्लिक फुटपाथवरून दिसलं म्हणून शेत आपलं होत नाही. दार वाजवावं लागतं. कापणीच्या दिवसांत नाही, सकाळच्या घाईत नाही. साधे, स्वच्छ कपडे. हिरवे बुंदके असलेला लष्करी सदरा घालून कुणाच्या दारात उभे राहू नका. विमा असलेल्या शिकाऱ्यांच्या संस्थेचं सभासदत्व आधीच घ्या, बीएएससी त्यातली मोठी; कार्ड दाखवलं की निम्मं काम होतं. मला पहिल्या अकरा दारांतून नकार मिळाला. बाराव्या शेतकऱ्यानं विचारलं, मंगळवारी येशील का? कारण नोकरदार सगळे रविवारी येतात आणि कबुतरं मंगळवारीही खातात. मी रजा काढली. त्या दिवाळीत त्याला फराळ नेऊन दिला. चकली घरच्यांनी संपवली. करंजी बहुधा कुत्र्याला गेली.

परवानगी लेखी घ्या, कुठली शेतं, कुठली नाहीत, गुरं कुठं, पायवाटा कुठं, हे नकाशावर खुणा करून. प्रत्येक वेळी जाण्याआधी संदेश टाका.

टेहळणी

आपण शेत निवडत नाही. कबुतरं निवडतात. जानेवारी ते मार्च रेप. वसंतात पेरलेला वाटाणा आणि घेवडा. जुलैत पावसानं लोळलेला गहू आणि जव. ऑगस्टपासून कापणीनंतरची धसकटं. शरदात ओक आणि बीचच्या झाडांखालची फळं. आदल्या दिवशी, ज्या वेळी बसणार त्याच वेळी गाडी कडेला लावून तासभर बघा. पाखरं शेतात कुठं उतरतात हे सगळेच बघतात. ती येतात कुठून, ते बघा. त्यांची वाट ठरलेली असते: झाडांची रांग, ओढा, हेजची कड. हेज म्हणजे आपली कोकणातली वई, फक्त शेकडो वर्षं जुनी असू शकते. दोन वया जिथं मिळतात, त्या कोपऱ्यावरून पाखरं वळतात. मोठ्या शेताच्या मध्यापेक्षा असा कोपरा बरा.

हा टेहळणीचा तास मला हल्ली बार काढण्यापेक्षा जास्त आवडतो. गाडीत चहा असतो, काच थोडी खाली असते, आणि थव्यातलं एखादं पाखरू नेहमीच्या झाडावर न बसता भलतीकडे का गेलं, याचा विचार करत माणूस ऑफिस विसरतो.

लपण आणि डिकॉय

दिवस वाऱ्याचा हवा. वारा पडला, धुकं आलं, की कबुतरं आळसावतात आणि त्यांना सगळं ऐकू जातं. वारा असला की ती खालून उडतात आणि आवाज पांगतो.

कबूतर वाऱ्याला तोंड करून उतरतं. बाकीचं सगळं या एका वाक्यातून निघतं. वारा तुमच्या पाठीवर किंवा एका खांद्यावरून येईल असं बसा, म्हणजे पाखरं समोरून येतील. लपण वईला टेकून लावा: चार काठ्या, जाळी, वर तिथल्याच फांद्या. जाळी छातीपर्यंत पुरे, मागची बाजू काळोखी हवी, नाहीतर डोकं आकाशावर उठून दिसतं. ऊन तोंडावर येऊ देऊ नका. आपल्या सावळ्या चेहऱ्याचा इथं थोडा फायदा आहे, गोऱ्या मित्रांना तोंडावर जाळी बांधावी लागते. पण चष्मा आपलाही चमकतो, टोपीची झाप खाली ओढा.

आमच्याकडे पारधी लोक पाळीव तित्तर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तित्तराला बोलावत, ते लहानपणी ऐकलेलं. इथली युक्ती त्याच घराण्यातली, फक्त पाखरं प्लॅस्टिकची, त्यांना डिकॉय म्हणतात. बारा डिकॉय पुरेत. लपणापासून वीस पावलांवर सुरुवात करून घोड्याच्या नालेच्या आकारात मांडा, तोंडं ढोबळमानानं वाऱ्याकडे, उघडी बाजू वाऱ्याच्या उलट दिशेला. दोन डिकॉयमध्ये चार पावलं. जेवणारी पाखरं शिस्तीत बसत नाहीत, म्हणून तुम्हीही शाळेची रांग करू नका. मधली मोकळी जागा हे येणाऱ्यांचं अंगण. सगळ्यात लांबचं डिकॉय पस्तीस पावलांवर ठेवा आणि मनाशी ठरवा की त्याच्या पलीकडच्या पाखरावर बार नाही.

बॅटरीवर गरगर फिरणारं एक यंत्र मिळतं, दोन दांड्यांवर दोन कबुतरं. कधी थवे ओढून आणतं, कधी उधळून लावतं. पहिल्या वर्षी घेऊ नका. त्याच्यामागे लागलं की वारा बघायचं राहून जातं.

माझी पहिली बैठक अशी झाली. मी सावली बघून बसलो, वारा बघितलाच नाही. सहा तासांत पाखरं माझ्या डोक्यावरून, मागच्या बाजूनं, वईपलीकडून उतरत राहिली. तीन मिळाली, काडतुसं संपली एकोणतीस. संध्याकाळी शेतकऱ्यानं विचारलं, "तू तिकडे तोंड करून का बसला होतास?"

बार

बसल्यावर बंदूक भरा, त्याआधी नाही. लपणातून बाहेर पडताना रिकामी करा, उघडी ठेवा. कुंपण ओलांडतानाही तसंच. दर वेळी बंद करण्याआधी नळीतून आरपार बघा. चिखल, पान, कापसाचा बोळा, काहीही असेल तर नळी फाटते. कानाला बोंडं, डोळ्याला चष्मा. आणि बार आभाळाकडेच. पाखरू वईच्या खाली, पलीकडे काय आहे दिसत नाही, तर ते पाखरू तुमचं नव्हे. इथं वईपलीकडून कुत्रं फिरवायला निघालेल्या आजीबाई नेहमी जातात.

नवखा माणूस घाई करतो. दिसलं की उठतो, बंदूक खांद्याला लावून वाट बघतो, आणि पाखरू चाळीस पावलांवरून वळून जातं. येऊ द्या. पंख आखडून, पाय खाली सोडून ते अंगणावर तरंगायला लागेपर्यंत हलू नका. मग एकाच हालचालीत उठा: डोळे पाखरावर, दस्ता गालाला, मग खांद्याला. नळीकडे बघितलं की चुकलंच. शिकवणारे सांगतात तो क्रम आपल्या भाषेत असा बसतो: शेपूट, पोट, चोच, धडाम. म्हणजे मागून सुरुवात करून पाखराला ओलांडत जायचं आणि चोचीपुढं गेल्यावर चाप, हात मात्र थांबवायचा नाही. नवख्यांचे बहुतेक बार मागे जातात, कारण चाप ओढताना हात थबकतो.

पाचसहा काडतुसांना एक पाखरू मिळालं तर पहिल्या वर्षी वाईट नाही. पाखरू जखमी होऊन पडलं तर पुढचा थवा कितीही चांगला येत असो, बंदूक रिकामी करा, जा, आणि ते लगेच संपवा. ही गोष्ट जमत नसेल तर बशा फोडत राहा, त्यातही काही कमीपणा नाही.

नंतर

निघताना रिकामी काडतुसं, पिसांचे पुंजके, सगळं गोळा करा. पाखरं मोजून शेतकऱ्याला सांगा, हवी असतील तर द्या. उन्हाळ्यात पाखरं पिशवीत कोंबू नका, माश्या बसतात. हवेशीर सावलीत टांगा.

घरी आल्यावर एका पाखराच्या गळ्यातली दाण्यांची पिशवी उघडून बघा. हिरवी पानं, गहू, ओकची फळं, जे सापडेल त्यावरून पुढच्या आठवड्याचं शेत ठरतं. एकदा माझ्या रेपवरच्या पाखरांच्या पिशव्यांत सगळं आयव्हीचं फळ निघालं. ती रेपवर नुसती टेकायला येत होती. शेतकऱ्याला सांगितलं, तर तो माझ्यावरच रुसला.

खायला छातीचे दोन तुकडे तेवढे. पाखरू उताणं ठेवून मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी सुरी उतरवली की सुटतात. बोटांनी चाचपून छरे काढा. मांस काळसर, चरबी नाही, त्यामुळे जास्त शिजवलं की चामडं. इंग्रज लोण्यात दोनतीन मिनिटं एका बाजूनं, तेवढीच दुसऱ्या बाजूनं परततात. मी मालवणी मसाला, आलं-लसूण आणि थोडं कोकम लावून तासभर ठेवतो आणि कडक तव्यावर तसंच करतो. वाटणाचं सुकंही होतं, पण मग मंद आचेवर दीड तास तरी द्या. मधल्या वेळेत काढलंत तर दात दुखतील.

आणि जेवायच्या आधी बंदूक. नळ्यांतून कोरडा बोळा, मग तेलाचा हलका हात. पावसात भिजली असेल तर आधी पुसून खोलीच्या उबेला ठेवा, हीटरवर नव्हे, दस्ता तडकतो. कपाटात ठेवण्याआधी तासदोन तास तोंड खाली करून टेकवा, म्हणजे तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही. जुन्या बंदुकांचे दस्ते मानेशी काळे पडून मऊ झालेले दिसतात ते याच कारणानं. खोटी काडतुसं घालून दोन्ही चाप सोडा, स्प्रिंगा रात्रभर ताणलेल्या राहू देऊ नका. मग कपाट बंद करा, आणि बायको स्वयंपाकघरात आहे ना हे बघून किल्ली तिच्या जागी ठेवा.